आईंचा चारचाकीचा परवाना : प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४

दिवाळीची पाहुणेमंडळी गेली आणि काल रात्री जेवताना विषय निघाला तो नक्की करूनच उठलो. आईंचा चारचाकीचा परवाना काढायचा. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय ५८. आयुष्य बडोद्याच्या दांडिया बाजारात गेलं, त्यामुळे सगळं पायी, नाहीतर रिक्षाने. स्कूटरलासुद्धा हात लावलेला नाही.

कारण सरळ आहे. बाबांना मोतीबिंदूमुळे रात्री समोरच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात, तेव्हा अंधार पडल्यावर ते गाडी काढत नाहीत. माझी नोकरी पाळ्यांची. नवरा आठवडाभर सुरतेला. गाडी दारात आणि रात्री-अपरात्री ती बाहेर काढायला कोणी नाही, अशी अवस्था. ऑगस्टात विश्वामित्रीला पूर आला तेव्हा पाणी चढायच्या आत गाडी उंचावर नेऊन लावायला शेजाऱ्यांच्या मुलाला हाक मारावी लागली. आईंच्या मनाला ते फार लागलं होतं, हे काल कळलं.

शिकवणार मी. ड्रायव्हिंग स्कूल लावायचं का, हाही विचार झाला. आईंनी सांगितलं, "तू शिकव. तुला मी दहा वेळा तेच विचारीन, परक्याला विचारताना संकोच वाटतो." तेव्हा जबाबदारी माझी, म्हणून या नोंदी.

वेळेचं गणित : शिकाऊ परवाना मिळाल्यावर किमान ३० दिवस जावे लागतात, त्याआधी पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. शिकाऊ परवाना ६ महिने चालतो. म्हणजे चाचणी जानेवारीअखेर धरावी. मध्ये उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत येते, त्या दिवसांत शिकाऊ माणसाने रस्त्यावर यायचं नाही, हे आत्ताच लिहून ठेवते.

२२ नोव्हेंबर

कागद. आधार, जन्मतारखेचा पुरावा, फोटो. नमुना १ हे स्वतःच्या प्रकृतीबद्दलचं स्वतःच केलेलं निवेदन. वय ४० च्या वर असेल तर त्याबरोबर नमुना १-अ, म्हणजे डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. आमच्या डॉक्टरांनी रक्तदाब, ऐकणं, रंग ओळखणं, नजर, सगळं नीट तपासूनच सही केली. मला ते आवडलं. ही सही उगाच ठोकून द्यायची नसते.

कायद्यात नजरेची एक साधी कसोटी आहे : चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे. संध्याकाळी गल्लीत पावलं मोजून अंतर काढलं. चष्मा लावून आईंनी जीजे ०६ पासून शेवटच्या आकड्यापर्यंत सगळं न अडखळता वाचलं. मग बिनचष्म्याने वाचायला सांगितलं, तर ३ चा ८ झाला. तेव्हा चष्म्याशिवाय स्टिअरिंगला हात लावायचा नाही, आणि जुना चष्मा गाडीच्या खणात कायमचा ठेवायचा.

२६ नोव्हेंबर

चिन्हं. पुस्तक उघडून पाठ करून घेण्यात अर्थ नाही, दोन दिवसांत विसरतं. आम्ही चालत निघालो, दांडिया बाजारातून सूरसागरच्या काठाने रावपुऱ्याकडे, आणि जो फलक दिसेल तो वाचत गेलो.

आधी आकार. गोल फलक आज्ञा देतो, तो मोडला तर दंड. त्रिकोणी फलक पुढे काय आहे ते सांगून सावध करतो. चौकोनी नुसती माहिती देतो : दवाखाना, पेट्रोलपंप, पार्किंग. गोलातही रंग बघायचा. लाल कडेचा गोल बहुधा "हे करू नका" सांगतो, निळा भरलेला गोल "हे कराच" सांगतो. दोन फलक या हिशोबात बसत नाहीत आणि ते मुद्दामच तसे आहेत : अष्टकोनी "थांबा" आणि उलटा त्रिकोण "आधी दुसऱ्याला जाऊ द्या". मागून पाहिलं, धूळ बसली, कोणी वर पोस्टर चिकटवलं, तरी नुसत्या आकारावरून ते ओळखता येतात.

"नो पार्किंग" आणि "नो स्टॉपिंग" यांत माणसं हमखास फसतात. निळ्या गोलावर एक तिरकी लाल रेघ असेल तर गाडी उभी करून जायचं नाही. दोन रेघांची फुली असेल तर क्षणभरही थांबायचं नाही, कोणाला उतरवायलासुद्धा नाही. आईंनी लगेच विचारलं, "म्हणजे रिक्षावाला मला तिथे उतरवतो ते चूकच की!" चूकच.

येताना रिक्षाने अलकापुरीच्या गरनाळ्याकडून आलो. रेल्वेखालून जाणाऱ्या रस्त्याला उंचीची मर्यादा असते, तो फलक गोल असतो, म्हणजे आज्ञा. पावसाळ्यात याच गरनाळ्यात पाणी भरतं. फलकावर ते लिहिलेलं नसलं तरी बडोद्याच्या माणसाला ते ठाऊक असलं पाहिजे.

३० नोव्हेंबर

हाताच्या खुणा. आता इंडिकेटर असताना हे कशाला, असं पुष्कळजण म्हणतात. दिवा बंद पडला की हातच कामाला येतो, आणि परीक्षेतही विचारतात. सगळ्या खुणा उजव्या हाताने, खिडकीबाहेर. उजवीकडे वळायचं तर हात सरळ आडवा, तळवा पुढे. डावीकडे वळायचं तर हात घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरवायचा. वेग कमी करतोय हे सांगायला तळवा खाली करून हात वर-खाली. थांबतोय हे सांगायला हात कोपरातून वर उभा. आईंनी खुर्चीत बसून, बाबांना मागची गाडी करून, सगळा सराव केला.

३ डिसेंबर

शिकाऊ परवान्याची संगणकावरची परीक्षा झाली. ती आयटीआयमध्ये झाली. बहुपर्यायी प्रश्न, प्रत्येकाला ठरावीक सेकंद. आईंनी गुजराती भाषा निवडली, वाचायला अडचण नव्हती. पास.

५ डिसेंबर

एल पाटी घरी केली. नियमात मापं दिलेली आहेत : पांढरा चौरस १८ सेंटिमीटरचा, त्यावर लाल एल, उंची किमान १० सेंटिमीटर, जाडी २, खालची आडवी रेघ ९. लोक काचेवर बोटाएवढा एल चिकटवतात, तो मागच्याला दिसतही नाही. पांढऱ्या जाड पुठ्ठ्यावर लाल इन्सुलेशन टेपने बनवली, पुढे एक, मागे एक.

शिकणाऱ्याशेजारी परवाना असलेला माणूस हवा आणि तो गाडी थांबवू शकेल अशा जागी बसलेला हवा, हेही नियमातच आहे. आमच्या जुन्या वॅगनआरला हँडब्रेक दोन सीटांच्या मध्ये आहे, म्हणून मी डाव्या सीटवर बसून तो ओढू शकते. शेजारी बसून मोबाइल बघणाऱ्याला शिकवणारा म्हणता येणार नाही. आईंना बजावलं : मी शेजारी नसेन तेव्हा किल्लीला हात लावायचा नाही. शिकाऊ परवान्यावर एकट्याने गाडी नेणं बेकायदा आहे, मग ते सोसायटीच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या हातगाडीपर्यंत का असेना.

८ डिसेंबर, रविवार

पहिला धडा. जागा : अटलादऱ्याकडे ओळखीच्यांचा मोकळा प्लॉट, कुंपण आहे, गुरं येत नाहीत.

आईंनी साडीऐवजी पंजाबी ड्रेस घातला आणि पायात बूट. सपाता आणि चपला पेडलखाली अडकतात, यावर मी अडून बसले होते.

बराच वेळ इंजिन बंदच ठेवलं. आधी सीट : क्लच पूर्ण दाबला तरी गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. मग आतला आरसा, मग बाहेरचे दोन. बाहेरच्या आरशात स्वतःच्या गाडीची कड अगदी बारीक पट्टीएवढी दिसावी, बाकी सगळा रस्ता. मग पट्टा. चाचणीत हा क्रम बघतात. नियमांत तपासायच्या बाबींची जी यादी आहे तिच्यात आरसा लावणं आहे.

मग क्लच. पहिला गिअर, ॲक्सिलरेटरला पाय लावायचाच नाही, क्लच मिलीमीटर-मिलीमीटरने सोडायचा. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेटचं नाक किंचित वर उठतं आणि स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर येते. तिथे पाय गोठवायचा, यालाच हाफ क्लच म्हणतात. गाडी आपोआप मुंगीच्या चालीने निघते. हीच जागा सगळ्याची चावी आहे : चाचणीत आठ आणि एस या आकारांच्या वाटेने गाडी नेणं, पार्किंग, चढ, सगळं इथूनच होतं. आईंची गाडी सुरुवातीला पुन्हा पुन्हा बंद पडली. मी डोळे मिटून फक्त आवाज ऐकायला सांगितलं, गाडी अर्थात जागच्या जागी, हँडब्रेक ओढलेला. मग पायाला ती जागा सापडली. आई पेटी वाजवतात, कान तयार आहे. त्याचा असा उपयोग होईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

१५ डिसेंबर

आठ काढायला घेतला. पांढऱ्या रांगोळीने जमिनीवर आठाच्या दोन्ही कडा आखल्या, वळणांवर वाळू भरलेल्या पाण्याच्या बाटल्या.

इथे एक गोष्ट नीट समजावून सांगावी लागते, नाहीतर माणूस आठवडाभर चुकतच राहतो. वळताना मागचं आतलं चाक पुढच्या चाकाच्या वाटेने जात नाही. ते आतून कापत जातं. पुढचं चाक रेषेच्या अगदी जवळून नेलं की मागचं रेषेवर चढणारच. आईंना हे बोलून पटेना. मग मी गाडी हळूहळू फिरवली आणि त्यांना बाहेर उभं राहून मागच्या चाकाकडे बघायला लावलं. रांगोळीवर दोन वेगळ्या वाटा उमटल्या. "अगं, हे तर सरळच दिसतंय," म्हणाल्या, आणि पुढच्या फेरीपासून स्वतःहून बाहेरच्या कडेला धरून चालवायला लागल्या.

नजर बॉनेटवर नको, वळणाच्या पलीकडे जिथे जायचं तिथे हवी. डोळे जातात तिकडे हात जातात. आठाच्या मध्यावर स्टिअरिंग एका दिशेकडून दुसऱ्या दिशेला न्यायचं असतं, तिथे घाई होते. हाफ क्लचवर वेग आणखी उतरवला की हातांना पुरेसा वेळ मिळतो.

२० डिसेंबर

आज प्रथमच सोसायटीबाहेरचा शांत रस्ता. सकाळी लवकर.

क्रम घोटून घेतला : आरसा, इंडिकेटर, मान वळवून बघणं, आणि मग स्टिअरिंग. डावीकडे सरकायचं असो, थांबलेल्या गाडीला वळसा घालायचा असो, कडेहून निघायचं असो, क्रम तोच. मान वळवणं महत्त्वाचं, कारण आरशात न दिसणारा एक कोपरा दोन्ही बाजूंना असतो आणि आपल्या शहरात त्या कोपऱ्यात नेमकी एक स्कूटर असते.

इथे आईंनी जे सांगितलं ते मला कोणत्याही पुस्तकात मिळालं नव्हतं. म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं रस्ता ओलांडतेय. गाडी कुठे वळणार हे मी तिच्या दिव्यावरून नाही, चाकावरून ओळखते, कारण दिवा कोणी देतच नाही. आणि दिला तर वळून झाल्यावर देतात, तेव्हा मी अर्ध्या रस्त्यात असते." इंडिकेटर आपल्यासाठी नसतो, दुसऱ्याला निर्णय घ्यायला वेळ मिळावा म्हणून असतो, हे पायी चालणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. आई वळणाच्या इतक्या आधी दिवा लावतात की मला सुरुवातीला लांबण वाटली. आता वाटतं, हेच बरोबर. मीही माझी सवय त्यांच्यासारखी करते आहे.

झेब्रा क्रॉसिंगच्या आधीची जाड पांढरी रेघ म्हणजे थांबायची रेघ. चाकं तिच्या मागे. पट्ट्यांवर चढून उभं राहायचं नाही. हेही त्यांना सांगावं लागलं नाही.

२९ डिसेंबर, रविवार

चकली सर्कल, पहाटे, रहदारी नसताना.

गोल चौकाचा नियम २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमावलीत स्पष्ट आहे : जो आधीच गोलात आहे त्याला आधी जाऊ द्यायचं, बाहेरून येणाऱ्याने थांबायचं. आपण डावीकडून चालतो, गोल घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणजे आतली गाडी आपल्या उजवीकडून येणार. वेग कमी, नजर उजवीकडे, जागा दिसली की आत. गोलाच्या आत विनाकारण ब्रेक मारून उभं राहायचं नाही. बाहेर पडायच्या रस्त्याआधी डावा इंडिकेटर.

लोक याच्या नेमकं उलट करतात. बाहेरचा हॉर्न वाजवत घुसतो आणि आतला थांबतो. सगळे असं करू लागले की गोल गच्च भरतो, कोणी बाहेर पडत नाही आणि मग कोणी आतही येऊ शकत नाही. नियम आतल्याच्या बाजूने आहे तो यासाठीच : गोल रिकामा होत राहिला तरच तो चालतो. हे मी कागदावर चार गाड्या काढून दाखवलं. आईंचा प्रश्न रास्त होता : "मी नियमाने थांबले आणि मागचा हॉर्न वाजवत राहिला तर?" वाजवू दे. मागच्याच्या घाईने पुढे जायचं नाही. पुढची जागा आपल्याला दिसते, त्याला दिसत नाही.

५ जानेवारी २०२५

चढ. बडोदं सपाट, चढ मिळायचा तो पुलावरच, आणि शिकाऊ माणसाला भर रहदारीत पुलावर थांबवणं योग्य नाही. मैत्रिणीच्या अपार्टमेंटमध्ये बेसमेंटच्या पार्किंगचा चांगला उतार आहे. तिथल्या वॉचमनकाकांनी उताराच्या तोंडाशी उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवलं, त्यांचे उपकार.

कृती : चढावर थांबा, हँडब्रेक ओढा, पहिला गिअर. क्लच त्या जड आवाजाच्या जागेपर्यंत सोडा. ॲक्सिलरेटर किंचित. नाक उठलं की हँडब्रेक सोडा. गाडी जराही मागे जाता कामा नये. चाचणीची अट नेमकी हीच आहे. आईंना पायाने ब्रेक सोडून पटकन ॲक्सिलरेटरवर जायची सवय लावावी असं बाबांचं मत होतं. मी नको म्हटलं. हँडब्रेकने वेळ मिळतो, भीती जाते, आणि तीही मान्य पद्धत आहे.

१० जानेवारी

रिव्हर्स. उलटा एस आणि समांतर पार्किंग, दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात घेतल्या, कारण हात एकाच वळणाचे.

उलटा एस : मागे जाताना स्टिअरिंग ज्या बाजूला, गाडीचा मागचा भाग त्या बाजूला. पण त्याच वेळी पुढचं नाक विरुद्ध बाजूला झुलतं, याचा विसर पडतो. मागे वळून मागच्या काचेतून बघायचं, अधूनमधून दोन्ही आरसे. स्टिअरिंगच्या दुरुस्त्या लहान आणि लवकर. मोठी दुरुस्ती उशिरा केली की एस हातचा गेला.

समांतर पार्किंगला आईंनी जास्त वेळ दिला. डावीकडे बाटल्यांनी आखलेल्या जागेच्या पुढे जाऊन, समांतर, हातभर अंतर ठेवून थांबायचं. मागे येत येत आपली मागची कड पुढच्या बाटलीच्या रेषेत आली की पूर्ण डावीकडे. उजव्या आरशात मागची बाहेरची बाटली दिसली की स्टिअरिंग सरळ. पुढचा डावा कोपरा बाटलीच्या आत आला की पूर्ण उजवीकडे. प्रत्येक टप्प्यावर गाडी थांबवून मग स्टिअरिंग फिरवलं तरी शिकताना चालतं. नंतर चालत्या गाडीत जमतं.

१३ जानेवारी

उद्या उत्तरायण, परवा वासी उत्तरायण. गाडी बंद. पण धडा आहे, तो बाल्कनीतून घेतला.

या दिवसांत दोरा रस्त्यावर आडवा येतो. स्कूटरवाले पुढे तारेची कमान लावतात, गळ्याला पट्टा बांधतात, तरी दोरा दिसला की ते अचानक ब्रेक मारतात किंवा एक हात वर करतात. कटलेल्या पतंगामागे पोरं वर बघत रस्त्यात धावतात. चारचाकीत बसलेल्याला दोऱ्याची भीती नसते, म्हणून त्यानेच अंतर ठेवायचं.

किती? ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एखादा सेकंद जातोच, तेवढ्यात गाडी १० मीटर पुढे, ब्रेक लागायच्या आधीच. आईंना मोजायची पद्धत दिली : पुढची स्कूटर खांबापाशी पोचली की मनात "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन". आपण खांबापाशी त्याआधी पोचलो तर फार जवळ आहोत. ओल्या रस्त्यावर "एकशे चार"पर्यंत. बाल्कनीतून आईंनी येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजल्या. बहुतेकजण "एकशे एक" पूर्ण व्हायच्या आत खांबापाशी होते. आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग आत जाऊन तिळाच्या वड्या थापायला बसल्या.

१९ जानेवारी, रविवार

भर शहर. कमुरता, म्हणजे लग्नं न करण्याचा महिना, संपले, लग्नं सुरू झाली, आणि रावपुऱ्याच्या तोंडाशी वरघोडा, म्हणजे घोड्यावरची वरात. हॉर्न नाही, पहिला गिअर, हाफ क्लच, घोड्यापासून भरपूर लांब. घोडा बिचकतो. वाजंत्रीवाले सरकले, जागा झाली तशी हळूच निघालो.

परतताना मागून १०८. आईंचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. क्रम तोच म्हणून सांगितलं : आरसा, डावा इंडिकेटर, मान, डावीकडे सरकून थांबा. थांबल्या. मागच्या दोन गाड्याही आमचा दिवा बघून डावीकडे झाल्या आणि ॲम्ब्युलन्स निघून गेली. वाट न देणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर १०,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद आहे. अग्निशमन आणि ॲम्ब्युलन्स या दोघांनाही वाट द्यायची.

जुन्या शहरात, मांडवीकडे, आज नेलं नाही. चार दरवाजांतून येणारे रस्ते तिथे मिळतात, ते गाड्यांसाठी बांधलेलेच नव्हते. परवान्यानंतर.

२४ जानेवारी

सगळं एका दमात : आठ, उलटा एस, पार्किंग, चढ. मी गाडीबाहेर गप्प उभी, प्लॉट खासगी आणि कुंपणाचा म्हणून. एसमध्ये एक बाटली हलली, पडली नाही. पार्किंग पहिल्यांदाच थांबे न घेता झालं. गाडीचे कागद, विमा, पीयूसी तपासले. चाचणीला नेलेली गाडी नियमात बसणारी हवी. ब्रेकचे दिवे आणि इंडिकेटर मागे उभं राहून पाहिले, डावा मागचा दिवा मंद होता, बल्ब बदलून घेतला.

२८ जानेवारी

दरजीपुऱ्याचं आरटीओ. गोल्डन चोकडीकडून वेळेच्या बऱ्याच आधी पोचलो, म्हणजे दुसऱ्यांचं बघता आलं. ट्रॅकवर कॅमेरे आणि सेन्सर आहेत, निकाल यंत्र देतं. तिथे ओळख चालत नाही आणि आईंना तेच हवं होतं.

आई बसल्या, सीट सरकवली, तिन्ही आरसे हाताने लावले, पट्टा. बाहेरून बघताना दिसलं की निघायच्या आधी त्यांनी इंडिकेटर दिला आणि मान वळवून मागे पाहिलं, ट्रॅकवर मागे कोणी नसताना. आठ सावकाश, बाहेरच्या कडेने. चढावर नाक उठेपर्यंत थांबल्या. एस आणि पार्किंग झालं. पास.

घरी येताना शेव-उसळ खाल्ली. गाडी मी चालवली, कारण परवाना हातात यायचा आहे.

९ फेब्रुवारी

कार्ड पोस्टाने आलं. मुदत ५ वर्षं, कारण ५५ नंतर काढलेला परवाना तेवढ्याच मुदतीचा मिळतो. पाच वर्षांनी नजर पुन्हा तपासली जाणार, हे मला योग्यच वाटतं. एल पाट्या काढल्या, ठेवून दिल्यात, शेजारच्या वहिनी मागत आहेत.

काल रात्री पहिल्यांदा अंधारात. बाबा मागे, मी शेजारी, स्टेशनला नवऱ्याला आणायला. शहरात दिवे खालीच ठेवायचे, समोरून गाडी आली की वरचा झोत उतरवायचाच, समोरच्याने उतरवला नाही तरी. झोत डोळ्यांवर आला तर त्याकडे बघायचं नाही, नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर, वेग कमी. बाबा मागून म्हणाले, "मला हेच सहन होत नव्हतं." आईंनी समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीसाठी झोत खाली ठेवला.

राहिलेलं काम : मांडवीचे अरुंद रस्ते, पावसात वायपर आणि लांब अंतर, हायवेवर लेन बदलणं, गरनाळ्यात पाणी दिसलं की कुठून वळायचं त्याचे दोन रस्ते. पावसाळ्याच्या आत हायवे पूर्ण करायचा.